लाइटरूममध्ये प्रीसेट टाकायचे कसे, आणि टाकल्यावर कास पठार तपकिरी का दिसतं

सप्टेंबर आला की साताऱ्यात निम्म्या लोकांच्या फोनमध्ये कासचे फोटो असतात, लगीनसराई आली की उरलेल्या निम्म्यांच्या फोनमध्ये कुणाच्या तरी हळदीचे, आणि दोन्ही सीझनला प्रश्न एकच फिरतो, इन्स्टावर बाकीच्यांचे फोटो तसे दिसतात मग आपलेच असे का. उत्तर पण ठरलेलं, लाइटरूममध्ये, म्हणजे ॲडोबीच्या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये, प्रीसेट टाक की. मग कुणीतरी टेलिग्रामवरनं उचललेली एक झिप पाठवून देतं, ती उघडायची कुठं, टाकायची कुठं हे काय सांगत नाही, आणि माणूस त्या झिपवर डबल क्लिक करत बसतो.

तर आधी हे सांगतो की प्रीसेट टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा वेळ जातो तो टाकल्यानंतर. कारण प्रीसेट म्हणजे जादू नाही, दुसऱ्या कुणीतरी त्याच्या फोटोवर लावलेल्या स्लायडरचे आकडे आहेत फक्त. प्रीसेटची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत साधा मजकूर दिसेल, एक्स्पोजर इतकं, काँट्रास्ट इतका, हिरव्याचं सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा इतका. दुसऱ्याच्या मापाचा रेडिमेड फेटा असतो तसं, डोक्यावर बसेल पण कान झाकेल.

आधी फाइल कसली आहे ते बघा

निम्मी भांडणं इथंच मिटतात. झिपवर राइट क्लिक करा, एक्स्ट्रॅक्ट ऑल करा, आणि आतल्या फाइलचं शेपूट म्हणजे एक्स्टेन्शन बघा. विंडोजमध्ये ते दिसत नसेल तर फोल्डरच्या वर व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनवर टिक करा.

.एक्सएमपी असेल तर उत्तम, हाच आत्ताचा चालू प्रकार. .एलआरटेम्प्लेट असेल तर तो जुना प्रकार, एप्रिल 2018 मध्ये लाइटरूम क्लासिकचं 7.3 व्हर्जन आलं तोपर्यंत हाच चालायचा, नवीन लाइटरूम हे पण घेतं आणि आत घेताना स्वतःच एक्सएमपी करून टाकतं, त्यामुळं काळजी नाही. उलटं मात्र चालत नाही, म्हणजे कुणाच्या पीसीवर अजून लाइटरूम 6 किंवा त्याच्या आधीचं असेल तर त्याला एक्सएमपी कितीही वेळा दाखवा, ते ओळखणार नाही. .डीएनजी असेल तर ते मोबाइलसाठी आहे, त्याचं खाली सांगतो. .क्यूब म्हणजे लट, रंग बदलायचीच पण वेगळ्या प्रकारची फाइल, ती जास्त करून प्रीमियर आणि दा विंची वाल्या व्हिडिओच्या पोरांची वस्तू, प्रीसेट म्हणून ती लाइटरूममध्ये जाणार नाही. .एटीएन म्हणजे फोटोशॉपची ॲक्शन. आणि .कॉस्टाइल दिसलं तर ते कॅप्चर वनचं, आपल्या कामाचं नाही.

झिपमध्ये .ईएक्सई फाइल असेल तर ती उघडू नका. प्रीसेटला इन्स्टॉलर लागत नाही. नव्याण्णव रुपयात हजारो प्रीसेट देणाऱ्यानं आत सेटअप ठेवलाय म्हणजे त्याला तुमच्या फोटोपेक्षा तुमच्या पीसीत जास्त इंटरेस्ट आहे.

अजून एक, झिप मॅकवर बनवलेली असली की आत मॅकओएसएक्स नावाचा एक जादा फोल्डर येतो, त्यातल्या फाइलींची नावं टिंबानं सुरू होतात आणि साइज अगदी एक-दोन केबी वगैरे, नावं मात्र खऱ्या प्रीसेटसारखीच. त्या खोट्या आहेत, त्या सिलेक्ट केल्या तर इम्पोर्ट होत नाही आणि लोक म्हणतात प्रीसेट करप्ट आहे. तो फोल्डर सरळ डिलीट मारा.

पीसीवर, लाइटरूम क्लासिकमध्ये

आपल्याकडचे लग्नाचे फोटोग्राफर बहुतेक हेच वापरतात, म्हणून हे नीट सांगतो.

लाइटरूम उघडा, कुठलाही एक फोटो घ्या, डेव्हलपमध्ये जा, कीबोर्डवर डी दाबलं तरी जातं. डाव्या हाताला प्रीसेट्सचं पॅनल असतं, ते दिसत नसेल तर स्क्रीनच्या डाव्या कडेला मधोमध छोटा त्रिकोण आहे त्यावर क्लिक करा, पॅनल बाहेर येईल. प्रीसेट्स या शब्दाच्या उजवीकडं अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की मेनू येतो, त्यात इम्पोर्ट प्रीसेट्स. आता फाइली दाखवायच्या, कंट्रोल ए मारून सगळ्या एकदम घेतल्या तरी चालतं, आणि खरं तर नवीन व्हर्जनमध्ये झिप न सोडता तशीच दाखवली तरी घेतं, पण मी सोडूनच घ्या म्हणतो कारण आत काय आहे ते कळतं. इम्पोर्ट दाबा. झालं. रीस्टार्ट वगैरे काही लागत नाही.

प्रीसेट कुठल्या ग्रुपमध्ये दिसेल हे त्या फाइलच्या आतच लिहिलेलं असतं, तुम्ही फोल्डरला काय नाव दिलं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून तुम्ही फोल्डरला "सातारा वेडिंग" नाव देऊन बसला असाल आणि पॅनलमध्ये ते शोधत असाल तर सापडणार नाही. ग्रुपचं नावच नसेल तर ते यूजर प्रीसेट्समध्ये जाऊन बसतात. तिथनं राइट क्लिक करून मूव्ह टू ग्रुप करता येतं, तेव्हा द्या काय नाव द्यायचं ते.

दुसरा रस्ता हातानं कॉपी करायचा. एडिट मेनूतनं प्रेफरन्सेस, त्यात प्रीसेट्सचा टॅब, तिथं शो लाइटरूम डेव्हलप प्रीसेट्स असं बटण आहे, ते दाबलं की बरोबर तोच फोल्डर उघडतो. विंडोजवर तो सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, ॲडोबी, कॅमेरा रॉ, सेटिंग्ज असा खोल कुठंतरी आहे आणि ॲपडेटा हा फोल्डर विंडोजनं लपवून ठेवलेला असतो, म्हणून शोधत बसण्यापेक्षा त्या बटणावरनंच जा. एक्सएमपी फाइली तिथं पेस्ट करायच्या, लाइटरूम बंद करून परत चालू करायचं. शंभरदीडशे प्रीसेट एका पीसीवरनं दुसऱ्या पीसीवर न्यायचे असतील तर हाच रस्ता बरा पडतो.

फोटोशॉपवाल्यांनी वेगळं काही करायचं नाही, कॅमेरा रॉ, म्हणजे फोटोशॉपमधलंच एडिटिंगचं टूल, ते पण त्याच सेटिंग्ज फोल्डरमधनं प्रीसेट वाचतं. क्लासिकमध्ये टाकले की फोटोशॉपमध्ये फिल्टर मेनूतल्या कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये पण दिसतात.

टाकले पण दिसत नाहीत

हा फोन सगळ्यात जास्त येतो. इम्पोर्ट झालं म्हणतंय, पॅनलमध्ये मात्र काही नाही, किंवा दिसतात पण नावं तिरक्या अक्षरात.

पहिली शंका फोटोवर घ्या, प्रीसेटवर नाही. तुमच्यासमोर जेपीइजी उघडलेला असेल आणि प्रीसेट रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न करता जशाच्या तशा दिलेल्या, फोटोसाठी बनवलेला असेल तर लाइटरूम तो लपवून ठेवू शकतं. किंवा प्रीसेट निकॉनच्या एखाद्या खास प्रोफाइलवर बनवलाय आणि तुमचा फोटो सोनीचा आहे, तरी तेच. प्रेफरन्सेसमध्ये त्याच प्रीसेट्सच्या टॅबमध्ये शो पार्शली कम्पॅटिबल डेव्हलप प्रीसेट्स असा एक टिक मार्क आहे, तो चालू करा, लपलेले सगळे बाहेर येतील, तिरक्या अक्षरात का होईना. लागू पण होतील, फक्त जे जुळत नाही तेवढं सोडून.

तिथंच शेजारी स्टोअर प्रीसेट्स विथ धिस कॅटलॉग असा दुसरा टिक आहे, कॅटलॉग म्हणजे लाइटरूमची तुमच्या फोटोंची नोंदवही. हा कुणीतरी चुकून चालू केलेला असला की लाइटरूम नेहमीचा फोल्डर बघतच नाही, कॅटलॉगच्या शेजारी स्वतःचा वेगळा फोल्डर करून तिथलेच दाखवतं. स्टुडिओत चारजण एक पीसी वापरत असले की हा घोळ हमखास सापडतो.

आणि प्रीसेटवर नुसता माउस नेला तरी पीसी गुदमरत असेल, तर तो फोटोवर प्रत्येक प्रीसेटचा प्रिव्ह्यू दाखवायला जातोय म्हणून. प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स, आणि एनेबल होव्हर प्रिव्ह्यू ऑफ प्रीसेट्स इन लूपचा टिक काढा. आठ जीबी रॅमच्या मशिनवर लय फरक पडतो.

मोबाइलवर

मोबाइलच्या लाइटरूममध्ये आता प्रीसेटच्या स्क्रीनवर तीन टिंबांमध्ये इम्पोर्ट प्रीसेट्स दिसतं, एक्सएमपी असेल तर तिथनं घ्या. पण आपल्याकडं फिरतात त्या जास्त करून डीएनजी, आणि त्याचं गणित जरा वेगळं आहे. डीएनजी म्हणजे प्रीसेट नाही, तो कुणाचातरी फोटो आहे ज्यावर एडिटिंग केलेलं आहे आणि आपण त्यातनं ते एडिटिंग काढून घेणार.

डीएनजी फाइल फोनमध्ये डाउनलोड करा. मित्राकडनं व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणा. लाइटरूममध्ये ॲड फोटोज करून ती फाइल आत घ्या, उघडा, पूर्ण दिसेपर्यंत थांबा. मग वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं, क्रिएट प्रीसेट, नाव द्या, आणि टिक करून सेव्ह. आता तुमचा स्वतःचा फोटो उघडा, खाली प्रीसेट्स, त्यात युअर्स, आणि तिथं तुम्ही प्रीसेटला दिलेलं नाव दिसेल. मूळ डीएनजी आता डिलीट केला तरी चालतो, मोबाइलची जागा उगाच खातो.

फुकटवाल्या अकाउंटवर प्रीसेट बनवता येतात, पण डीएनजीमध्ये मास्किंग, म्हणजे फोटोच्या ठराविक भागावरच एडिटिंग, केलेलं असेल तर तेवढा भाग पैसे भरल्याशिवाय लागत नाही, म्हणून दाखवलेल्या फोटोसारखा तुमचा होत नाही. त्यात विकणाऱ्यानं आकाश वेगळं, चेहरा वेगळा केलेला असतो.

एक गैरसमज मोडतो, क्लासिकमध्ये टाकलेले प्रीसेट आपोआप मोबाइलवर येत नाहीत, एकच ॲडोबी आयडी असला तरी. त्यासाठी पीसीवर ते दुसरं लाइटरूम लागतं, क्लासिक नसलेलं, क्लाउडवालं. त्याच्यात फाइल मेनूतनं इम्पोर्ट प्रोफाइल्स अँड प्रीसेट्स केलं की मग ते फोनमध्ये सिंक होऊन उतरतात.

आता कास तपकिरी का झालं

इन्स्टावरचे मूडी, ब्राउन टोन, क्रीमी वगैरे प्रीसेट जवळपास सगळे एकाच पद्धतीनं बनवलेले असतात, हिरवा रंग पिवळ्याकडं ढकलायचा, मग त्याचं सॅच्युरेशन पाडायचं आणि वर जरा काळोख आणायचा. परदेशातल्या पाइनच्या जंगलात ते बरं दिसतं. आपलं कास म्हणजे ऐन पावसाळ्यातली हिरवळ, त्यावर गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी, मध्ये मध्ये काळपट लाल जांभा दगड. त्यावर हा प्रीसेट मारला की पठार एप्रिलमधलं दिसायला लागतं, सोनकी नारिंगी होते आणि धुकं मळकट. मग लोक म्हणतात प्रीसेट फालतू आहे. प्रीसेट फालतू नाही, तो या हिरव्यासाठी बनवलेलाच नाही.

दुरुस्ती सोपी आहे. उजवीकडं एचएसएलचं पॅनल आहे, नव्या व्हर्जनमध्ये त्याला कलर मिक्सर म्हणतात. त्यात हिरवा उघडा, सॅच्युरेशन वजा साठ-सत्तर काहीतरी असेल, ते वजा दहापर्यंत वर आणा, ह्यू म्हणजे रंगाची छटा, ती शून्याजवळ घ्या. मग पिवळा, त्याचा ह्यू पण शून्याकडं. जांभळा आणि मॅजेंटा पण बघा, टोपली कारवी फुललेली असेल तर हे दोन नीट सांभाळा कारण ती परत फुलायला सात वर्षं घेते. बाकी प्रीसेटचा काँट्रास्ट, कर्व्ह सगळं तसंच ठेवा, त्यासाठीच तर तो घेतला होता.

लग्नाच्या फोटोत हेच जास्त लागतं. नवरीचा हिरवा चुडा बघा पहिला. प्रीसेट मारल्यावर चुडा राखाडी किंवा काळपट दिसायला लागला तर अल्बम घरी गेल्यावर तिची आई पहिलं बोट त्यावरच ठेवणार. कलर मिक्सरमध्ये वर कोपऱ्यात एक गोल टिंबासारखं टूल आहे, ते घ्या, सॅच्युरेशन निवडा, माउस थेट बांगडीवर ठेवून दाबून वर ओढा. लाइटरूम स्वतः ओळखतं तिथं हिरवा किती आणि ॲक्वा किती, आणि दोन्ही मिळून वाढवतं. एकेक स्लायडर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

हळदीच्या फोटोत पिवळा मरतो. हळद लावलेला गाल, पिवळी साडी, झेंडू हे तीन पिवळे वेगवेगळे असतात आणि तिघांना वेगळं दिसायला पाहिजे, पण स्किन टोन गोरा करणाऱ्या प्रीसेटमध्ये पिवळा आणि केशरी दोन्ही पाडलेले असतात, त्यामुळं हळद धुऊन टाकल्यासारखी दिसते. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याचे फोटो काढणाऱ्यांनी असले प्रीसेट लांबच ठेवावेत, ढीग हळदीचा आहे की मातीचा हेच कळायचं नाही. मिक्सरमध्ये सगळं शून्यावर आणून पण चेहरा विचित्र लालसर वाटत असेल तर अगदी खाली कॅलिब्रेशन पॅनल बघा, बरेच प्रीसेटवाले खरा खेळ तिथं करतात, रेड प्रायमरीचा ह्यू हलवलेला असतो आणि ब्लूचं सॅच्युरेशन चढवलेलं असतं. तिथनं अर्धं कमी केलं तरी माणूस माणसासारखा दिसतो.

आता व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणं फोटोचा रंग जुळवायचं. रॉ फोटोत टेम्परेचर केल्विनमध्ये असतं, जेपीइजीमध्ये वजा शंभर ते अधिक शंभर, दोघांचं माप वेगळं. त्यात मंडपात हॅलोजन असेल तर उजेड 3200 केल्विनच्या आसपास, बाहेर वरातीत दुपारचं ऊन 5500 च्या आसपास, स्टेजवर गुलाबी-जांभळे एलईडी ते वेगळेच, आणि प्रीसेटमध्ये एकच आकडा ठोकलेला. म्हणून प्रीसेट लावल्यावर पहिलं काम व्हाइट बॅलन्स, दुसरं एक्स्पोजर. हे दोन स्वतःच्या फोटोप्रमाणं बसवल्याशिवाय प्रीसेट चांगला की वाईट हे ठरवायचंच नाही.

सगळंच जरा जास्त वाटत असेल तर प्रीसेट्सच्या पॅनलवर अमाउंट स्लायडर आहे, जून 2022 च्या अपडेटपासून आला, शंभरावरनं पन्नास-साठवर आणा. काही प्रीसेटला तो चालत नाही, बंद दिसतो.

आणि एकावर एक प्रीसेट मारत जाऊ नका. प्रीसेटमध्ये जे स्लायडर लिहिलेत तेवढेच तो बदलतो, बाकीचे आधीच्या प्रीसेटचे तसेच राहतात. पाच प्रीसेट ट्राय करून सहावा आवडला तर तो सहावा नसतो, सहांची खिचडी असते, आणि दुसऱ्या फोटोवर तोच लावला की वेगळा दिसतो. मध्ये रीसेट करत जा.

स्वतःचा करून ठेवा

चुडा, हळद, हिरवळ सगळं बसलं की परत ते अधिकचं चिन्ह, क्रिएट प्रीसेट. इथं जी टिकची मोठी यादी येते त्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरचा टिक काढा, क्रॉप-ट्रान्सफॉर्मचा पण काढा, बाकी रंग, कर्व्ह, कॅलिब्रेशन राहू दे. नाव असं द्या की सहा महिन्यांनी कळेल, "हळद उन्हात", "हॉल एलईडी", "कास ढगाळ", नाहीतर फायनल, फायनल दोन, फायनल नवीन असं होत जातं. लग्नाचं मेमरी कार्ड खाली करताना इम्पोर्टच्या खिडकीत उजवीकडं अप्लाय ड्युरिंग इम्पोर्टमध्ये डेव्हलप सेटिंग्ज आहे, तिथं हाच निवडला की दोनअडीच हजार फोटो येतानाच रंग लावून येतात आणि मग फक्त व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर बघत जायचं.

आणि हे सगळे प्रीसेट सी ड्राइव्हवर आहेत हे लक्षात असू द्या. पीसी स्लो झाला म्हणून कॉम्प्युटरवाल्याकडं नेला की तो विचारतो डी मधला डेटा ठेवू ना, आपण हो म्हणतो, आणि सी उडतो, त्याच्याबरोबर सेटिंग्जचा तो फोल्डर पण. पीसी द्यायच्या आधी प्रेफरन्सेसमधल्या त्याच बटणावरनं फोल्डर उघडा, आख्खा पेनड्राइव्हवर कॉपी करा, परत आल्यावर लाइटरूम टाकून एकदा उघडून बंद करा म्हणजे फोल्डर तयार होतो, आणि मग त्याच जागी पेस्ट मारा.